अडवणं, टाळणं, वगळणं आणि मनाई करणं: इंग्रजी क्रियापदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकून आता नोकरीसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी किंवा परदेशातल्या कारभारासाठी इंग्रजी लिहावं लागणारे वाचक हे प्रश्न सतत पाठवतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अवघड अपवाद पुढे आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. अर्थासाठी मराठीवर खुशाल विसंबा. तिच्यात हे भेद पक्के आहेत. वाक्याच्या रचनेसाठी मात्र विसंबू नका. या क्रियापदांच्या बहुतेक चुका रचनेच्या आहेत, अर्थाच्या नाहीत.

१. 'प्रिव्हेंट', 'अव्हॉइड', 'एक्स्क्लूड', 'प्रोहिबिट' या सगळ्यांपुढे शब्दकोशात 'रोखणे, टाळणे' असंच काहीतरी दिसतं. मुळात फरक काय?

आधी मराठीत विचारा: घडू दिलं नाही, स्वतः लांब राहिलो, यादीत घेतलं नाही, की नियमाने मनाई केली? पावसाळ्यातल्या डेंग्यूचं उदाहरण घ्या. साठलेलं पाणी ओतून टाकून आपण डेंग्यू 'प्रिव्हेंट' करतो, म्हणजे होऊच देत नाही. साथ असलेल्या भागात जाणं 'अव्हॉइड' करतो, म्हणजे टाळतो. ताप आलाच तर डॉक्टर रक्त तपासून डेंग्यूची शक्यता 'रूल आउट' करतात. विमा कंपनी एखादा आजार पॉलिसीतून 'एक्स्क्लूड' करते, म्हणजे वगळते. आणि पालिका उघड्यावर पाणी साठवणं 'प्रोहिबिट' करते.

मराठीत या जागी रोखणं, टाळणं, शक्यता नाकारणं, वगळणं आणि मनाई करणं असे पाच वेगळे शब्द आपोआप येतात. तुमच्या वाक्यात यांतला कोणता बसतो ते ठरलं, की इंग्रजी क्रियापदाचं घराणं ठरतं.

२. 'ही प्रिव्हेंटेड मी टु गो' हे चूक का? मराठीत आपण 'जायला' म्हणतोच ना?

म्हणतो, आणि चूक तिथूनच येते. एकच प्रसंग आपण तीन प्रकारे सांगतो: 'मला जाऊ दिलं नाही', 'मला जायला मनाई केली' आणि 'मला जाण्यापासून रोखलं'. मधल्या वाक्यातला 'जायला' डोक्यात ठेवून लिहिलं, की 'टु गो' उमटतं. 'प्रिव्हेंट' मात्र तिसऱ्या वाक्यासारखं चालतं. 'पासून'च्या जागी 'फ्रॉम' आणि 'जाणं'च्या जागी 'गोइंग': 'ही प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग.'

पाठ करायला एक वाक्य हवं असेल तर ते आपल्या संविधानातूनच घ्या. अनुच्छेद १५च्या तिसऱ्या खंडात म्हटलं आहे: 'नथिंग इन धिस आर्टिकल शॅल प्रिव्हेंट द स्टेट फ्रॉम मेकिंग एनी स्पेशल प्रोव्हिजन फॉर विमेन अँड चिल्ड्रन.' स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करण्यापासून राज्याला या अनुच्छेदातली कोणतीही गोष्ट रोखणार नाही, असा त्याचा अर्थ. चौथ्या खंडात मागासवर्गांसाठीच्या तरतुदींबद्दल हीच रचना पुन्हा येते. हे वाक्य तोंडात बसलं, की 'प्रिव्हेंट'नंतर 'टु' लिहायला हात धजणार नाही.

'प्रोहिबिट', 'बॅन', 'बार', 'डिबार', 'डिटर', 'डिस्करेज', 'डिस्वेड', 'प्रिक्लूड' ही क्रियापदंही माणसाला अडवताना असंच 'फ्रॉम' घेतात. बोलताना हे सगळं जड वाटलं तर पहिल्या मराठी वाक्याकडे वळा: 'ही डिड नॉट लेट मी गो.' साधं आहे आणि पूर्ण बरोबर आहे.

३. इंग्लंडच्या वर्तमानपत्रात 'प्रिव्हेंट हिम गोइंग' असं 'फ्रॉम'शिवाय वाचलं. ते चालतं का?

ब्रिटिश इंग्रजीत चालतं. 'प्रिव्हेंट हिम गोइंग' आणि 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग' दोन्ही तिथे रूढ आहेत. अमेरिकन इंग्रजीत 'प्रिव्हेंट'बरोबर 'फ्रॉम' लागतोच. 'स्टॉप'नंतर तो गाळण्याची सवयही ब्रिटनमध्येच जास्त. माझा सल्ला असा, की वाचक कुठला आहे याची खात्री नसेल तर 'फ्रॉम' लिहावा. त्याला कुठेच कोणी चूक म्हणत नाही.

दोन ठिकाणी मात्र तो ब्रिटनमध्येही गाळता येत नाही. पहिलं म्हणजे कर्मणी प्रयोग: 'ही वॉज प्रिव्हेंटेड फ्रॉम गोइंग' असंच लिहावं लागतं. दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं आहे, ते म्हणजे 'कीप'. 'द नॉइज केप्ट हिम फ्रॉम वर्किंग' म्हणजे आवाजामुळे त्याला काम करता आलं नाही. यातला 'फ्रॉम' पडला तर 'केप्ट हिम वर्किंग' उरतं, आणि त्याचा अर्थ त्याला काम करत ठेवलं. एका शब्दामुळे वाक्य नेमकं उलटं होतं. कार्यालयीन पत्रात हे घडलं तर वाचणाऱ्याला चूक कळणारही नाही, कारण दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात.

४. 'फॉरबिड', 'प्रोहिबिट', 'बॅन', 'बार', 'डिबार': मनाईसाठी इतके शब्द कशाला?

मनाई कोण करतंय आणि कशाच्या जोरावर करतंय, यावर शब्द ठरतो.

'फॉरबिड' जुना आणि घरगुतीही. आई-वडील मुलाला 'फॉरबिड' करतात, धर्म एखादी गोष्ट 'फॉरबिड' करतो. त्यात अधिकाराबरोबर नीतीचा सूर आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७मध्ये अस्पृश्यता नष्ट केल्याचं सांगून पुढे 'इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन' असं म्हटलं आहे. माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांच्याबद्दलच्या अनुच्छेद २३मध्ये 'प्रोहिबिटेड' आहे. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींचं वजन सारखंच, पण अनुच्छेद १७मधला 'फॉरबिडन' मला नेहमी जास्त ठाम ऐकू येतो. रचनेत 'फॉरबिड' वेगळा आहे: त्याला 'टु' चालतो. 'शी फॉरबेड हिम टु गो' ही जुनी, पक्की रचना. 'फ्रॉम गोइंग' ही आता तितकीच रुळली आहे. म्हणजे 'जायला मनाई केली' हे शब्दशः इंग्रजीत न्यायचं असेल तर या घराण्यात हा एकच दरवाजा उघडा आहे.

'प्रोहिबिट' म्हणजे नियमाने, लेखी मनाई. पाटीवरचं 'सक्त मनाई आहे' ते हे. 'बॅन' म्हणजे बंदी: सरकारने, मंडळाने, संघटनेने घातलेली. घरात वडिलांनी मोबाईल काढून घेतला तर तो 'बॅन' नव्हे, निदान लेखी इंग्रजीत नव्हे. वस्तूवर बंदी असेल तर नुसतं 'बॅन' पुरतं. माणसावर असेल तर 'बॅन्ड फ्रॉम'. 'बार' म्हणजे दार बंद करणं: 'ही वॉज बार्ड फ्रॉम द मीटिंग.' 'डिबार' भारतात फार ऐकू येतो, कारण हजेरी कमी पडली की कॉलेज परीक्षेला बसू देत नाही, आणि भरतीत गैरप्रकार केला की उमेदवाराला पुढच्या परीक्षांसाठी अपात्र ठरवतात. 'डिसबार' वेगळा, तो फक्त वकिलाची सनद काढून घेण्यासाठी. परदेशातल्या अर्जात 'आय वॉज डिसबार्ड फ्रॉम एक्झॅम' लिहिलंत, तर वाचणारा तुम्हाला वकील समजून गोंधळात पडेल.

५. नाम वापरायचं असेल तर कोणती शब्दयोगी अव्ययं?

'अ बॅन ऑन प्लास्टिक बॅग्ज', 'अ बार टु', 'प्रिव्हेंशन ऑफ', 'एक्स्क्लूजन ऑफ अमुक फ्रॉम तमुक'. 'बार टु' ऐकायला परकं वाटतं, पण संविधानाच्या अनुच्छेद ३२९चं शीर्षकच 'बार टु इंटरफिअरन्स बाय कोर्ट्स इन इलेक्टोरल मॅटर्स' असं आहे. नुसतं 'प्रोहिबिशन' म्हटलं तर बहुधा दारूबंदी समजावी. अमेरिकेतली १९२० ते १९३३ची दारूबंदी याच नावाने ओळखतात, आणि आपल्याकडच्या १९४९च्या दारूबंदी अधिनियमाच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे.

६. 'भ्रष्टाचार प्रतिबंधक' आणि 'हुंडा प्रतिबंधक' दोन्ही मराठीत 'प्रतिबंधक'च. मग इंग्रजीत एकात 'प्रिव्हेंशन' आणि दुसऱ्यात 'प्रोहिबिशन' का?

हा प्रश्न एमपीएससीची तयारी करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त येतो. इथे मराठी शब्द दोन वेगळ्या कल्पना पोटात घेऊन बसला आहे. १९८८चा भ्रष्टाचाराविरुद्धचा कायदा 'प्रिव्हेंशन ऑफ करप्शन ॲक्ट' आहे. १९६१चा हुंड्याचा कायदा 'डाउरी प्रोहिबिशन ॲक्ट' आहे. आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या इंग्रजी नावात तर दोन्ही नाहीत, तिथे 'अँटी' आहे. म्हणून मराठी नावावरून इंग्रजी नाव तयार करू नका, कायद्याचं मूळ नाव पाहा.

कल्पनांतला फरक असा. 'प्रोहिबिशन' म्हणजे ती कृतीच बेकायदा ठरवणं: हुंडा घेऊ नये, देऊ नये. 'प्रिव्हेंशन' म्हणजे ती घडू नये अशी व्यवस्था उभी करणं, त्यात शिक्षेचा धाकही आला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या नावात 'प्रिव्हेंशन, प्रोहिबिशन अँड रिड्रेसल' असे तिन्ही शब्द शेजारी आहेत, ते उगाच नाहीत. छळाला मनाई आहेच. शिवाय मालकाने कार्यशाळा घ्याव्यात, परिणामांची सूचना दर्शनी भागात लावावी, ही प्रतिबंधाची बाजू. आणि समितीकडे तक्रार करून दाद मागता येते, ते निवारण. मनाई असूनही गोष्ट घडू शकते, म्हणून प्रतिबंध वेगळा लागतो.

बालविवाहाच्या कायद्यात हा प्रवासच दिसतो. १९२९चा कायदा 'रिस्ट्रेंट'चा होता, म्हणजे आवर घालणारा. त्याची जागा घेणारा २००६चा कायदा 'प्रोहिबिशन'चा आहे. शीर्षकातला एक शब्द बदलायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला.

७. 'वाळीत टाकणं' हे इंग्रजीत कसं सांगायचं? 'एक्स्क्लूड' पुरेल का?

पुरणार नाही. 'एक्स्क्लूड' यादीतून नाव वगळतानाही वापरतात. त्यात क्रूरता दिसत नाही. 'ऑस्ट्रसाइज' जवळचा आहे. प्राचीन अथेन्समध्ये खापरीच्या तुकड्यावर नाव लिहून मत द्यायचे आणि निवडलेल्या माणसाला दहा वर्षं नगराबाहेर जावं लागायचं, त्यावरून तो शब्द आला. व्यवहार तोडणं म्हणजे 'बॉयकॉट'. हे एका माणसाचं आडनाव आहे: १८८०मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कुळांनी आणि शेजाऱ्यांनी चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार बंद केले, त्यावरून. तिथे दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध वापरलेलं ते हत्यार होतं. आपल्याकडे जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाचं पाणी, लग्नकार्य, मयत तोडणं नेमकं उलट्या दिशेचं आहे. तरी महाराष्ट्राने त्याविरुद्ध केलेल्या २०१६च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' हेच शब्द आहेत. म्हणून बातमीत किंवा अर्जात 'सोशल बॉयकॉट' लिहा, तो कायद्यातला शब्द आहे. कुटुंबाने काय सोसलं ते सांगताना 'ऑस्ट्रसाइज्ड' लिहा.

८. 'अव्हॉइड', 'अव्हर्ट' आणि 'इव्हेड' यांत घोळ होतो.

'अव्हॉइड' म्हणजे टाळणं, आणि पुढे कधीही 'टु' नाही: 'आय अव्हॉइड ट्रॅव्हलिंग ॲट नाइट.' 'अव्हर्ट' म्हणजे अगदी जवळ आलेलं संकट परतवणं. 'अपघात टळला' या बातमीतलं टळणं ते हे. 'इव्हेड' म्हणजे चुकवणं, त्यात लबाडी आहे.

करांच्या बाबतीत हा फरक पैशाचा आणि तुरुंगाचा आहे. 'टॅक्स अव्हॉइडन्स' म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं; 'टॅक्स इव्हेजन' म्हणजे उत्पन्न लपवून कर बुडवणं, आणि तो गुन्हा आहे. मराठीतही कर टाळणं आणि कर चुकवणं यांत थोडा फरक जाणवतो, इंग्रजीत तो काटेकोर आहे. पण 'अव्हॉइडन्स' म्हणजे सदैव सुरक्षित असंही समजू नका. केवळ कर वाचवण्यासाठी रचलेले व्यवहार नाकारण्याचा अधिकार आयकर खात्याला देणारे 'जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल्स' भारतात १ एप्रिल २०१७पासून लागू आहेत.

करारनाम्यात आणखी एक अर्थ भेटतो. 'द इन्शुरर मे अव्हॉइड द पॉलिसी' म्हणजे विमा कंपनी पॉलिसी टाळेल असं नव्हे, तर ती रद्दबातल ठरवू शकेल. 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल' ज्या कुळातले, त्यातलाच हा.

९. 'स्टॉप टु' आणि 'स्टॉप'नंतर 'इंग': दोन्ही बरोबर ना?

बरोबर, पण अर्थ वेगळे. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे सिगारेट सोडली. 'ही स्टॉप्ड टु स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला थांबला. दुसऱ्याला थांबवायचं असेल तर प्रश्न ३ पाहा.

१०. 'प्रिक्लूड' नेमका कधी वापरायचा? 'प्रिव्हेंट'ऐवजी भारदस्त म्हणून लिहिला तर?

भारदस्तपणासाठी लिहू नका. लॅटिनमध्ये 'क्लाउडेरे' म्हणजे बंद करणं. त्यापासून 'इन्क्लूड' म्हणजे आत घेऊन बंद, 'एक्स्क्लूड' म्हणजे बाहेर ठेवून बंद, आणि 'प्रिक्लूड' म्हणजे आधीच बंद. यात कर्ता बहुधा माणूस नसतो. परिस्थिती, अट किंवा वस्तुस्थिती असते. 'हिज एज प्रिक्लूड्स हिम फ्रॉम अप्लाइंग': वयामुळे अर्जाची वाट आधीच बंद आहे. 'पोलिसांनी मला प्रिक्लूड केलं' असं होत नाही. पोलीस 'प्रिव्हेंट' किंवा 'स्टॉप' करतात.

नकारार्थी वापर फार उपयोगाचा आहे: 'धिस डझ नॉट प्रिक्लूड अ सेटलमेंट.' म्हणजे यामुळे तडजोडीची वाट बंद होत नाही. वकिली पत्रव्यवहारात हे वाक्य दिसलं तर आशा ठेवायला जागा आहे.

११. 'एक्स्क्लूड', 'एक्स्पेल', 'ओमिट', 'एलिमिनेट' यांतला फरक?

आत येऊ न देणं 'एक्स्क्लूड', आत असलेल्याला काढणं 'एक्स्पेल', लिहिताना गाळणं 'ओमिट', आणि फेरीगणिक बाद करत जाणं किंवा समूळ काढून टाकणं 'एलिमिनेट'. 'ओमिट' चुकूनही होतो, 'एक्स्क्लूड' बहुधा ठरवून होतो.

इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी एक अपवाद. तिथल्या शाळेचं पत्र आलं आणि त्यात 'परमनंट एक्स्क्लूजन' असेल, तर मुलाला शाळेतून कायमचं काढलं आहे, एखाद्या कार्यक्रमातून वगळलेलं नाही. तात्पुरतं असेल तर 'सस्पेन्शन' लिहितात. त्यालाच पूर्वी 'फिक्स्ड-टर्म एक्स्क्लूजन' म्हणत. पत्र लगेच नीट वाचा, कारण दाद मागायला मुदत असते.

विमा पॉलिसीतलं 'एक्स्क्लूजन्स' हे पानही असंच आधी वाचायचं. काय मिळणार ते जाहिरातीत असतं, काय मिळणार नाही ते या पानावर.

१२. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'टु रूल आउट टीबी' लिहिलं आहे. म्हणजे टीबी आहे की नाही?

अजून दोन्ही ठरलेलं नाही. टीबी नाही ना, याची खात्री करण्यासाठी तपासणी करा, एवढाच त्याचा अर्थ. हे निदान नाही, म्हणून घाबरू नका. आणि 'आउट' दिसलं म्हणून टीबी नाही असंही समजू नका. तपासणी करा. अहवालानंतर 'टीबी रूल्ड आउट' असं आलं तरच शक्यता संपली. बातमीतलं 'कॅनॉट बी रूल्ड आउट' म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही'. सर्वनाम असेल तर ते मधे येतं: 'रूल इट आउट'.

१३. 'तो पडू नये म्हणून मी धरलं' यात 'नये' आहे. मग 'प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम नॉट फॉलिंग' का नाही?

कारण 'प्रिव्हेंट'च्या पोटातच नकार आहे. 'नये म्हणून' ही मराठीची फार सुंदर रचना आहे, पण तिच्यातला नकार उघड असतो. तो इंग्रजीत नेताना एकदाच न्यायचा. एक तर 'आय हेल्ड हिम सो दॅट ही वुड नॉट फॉल', नाही तर 'आय प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम फॉलिंग'. दोन्ही एकत्र केलं तर तुम्ही त्याला पाडलंत असा अर्थ निघतो. 'प्रिव्हेंट दॅट' ही रचनाही इंग्रजीत नाही.

१४. 'हिंडर', 'डिटर', 'ऑब्स्ट्रक्ट', 'इन्हिबिट' यांत गोष्ट पूर्ण थांबते का?

थांबेलच असं नाही, आणि 'प्रिव्हेंट'पेक्षा यांचं वेगळेपण तेच. 'हिंडर' म्हणजे खोळंबा. 'ऑब्स्ट्रक्ट' म्हणजे वाटेत अडथळा. 'इन्हिबिट' म्हणजे वेग किंवा प्रमाण कमी करणं. ॲसिडिटीवरच्या पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्यांना 'प्रोटॉन पंप इन्हिबिटर' म्हणतात ते त्यामुळे. 'डिटर' मनावर चालतं: धाक दाखवून परावृत्त करणं.

'सरकारी कामात अडथळा' या बातमीमागे दोन वेगळी कलमं असू शकतात. नुसता अडथळा आणला तर जुन्या दंड संहितेचं कलम १८६, तिथे 'ऑब्स्ट्रक्ट्स' आहे. हल्ला किंवा बळाचा वापर केला तर कलम ३५३, आणि तिथे 'प्रिव्हेंट ऑर डिटर' असे दोन शब्द आहेत: काम होऊ न देण्याचा हेतू असो, की कर्मचाऱ्याला धाकाने परावृत्त करण्याचा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही अनुक्रमे कलम २२१ आणि १३२ आहेत.

१५. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग' असं आहे. पहाट कशी रोखली?

रोखली नाही, पहाटेच्या आधी उठला. लॅटिन 'प्रेव्हेनिरे' म्हणजे आधी येणं, आणि १६११च्या किंग जेम्स भाषांतरात स्तोत्र ११९मध्ये तोच जुना अर्थ आहे. आधी पोहोचणारा पुढच्याची वाट अडवू शकतो, त्यातून आजचा अर्थ आला. आज हा वापर करू नका, पण जुनं इंग्रजी वाचताना लक्षात असू द्या.

१६. 'एक्सेप्ट', 'एक्स्क्लूडिंग', 'बारिंग', आणि बिलाखालचं 'ई अँड ओ ई': शेवटी हे काय आहे?

'एक्सेप्ट' म्हणजे सोडून, खेरीज. 'एक्स्क्लूडिंग' हिशोबात जास्त: 'एक्स्क्लूडिंग जीएसटी' म्हणजे जीएसटी धरलेला नाही, तो वर द्यावा लागेल. 'बारिंग' पुढच्या शक्यतेसाठी: 'बारिंग रेन, वी विल स्टार्ट ॲट सिक्स', म्हणजे पाऊस आडवा आला नाही तर सहाला निघू.

'एक्सेप्ट' क्रियापद म्हणूनही चालतं, अर्थ वगळणं. रोजच्या इंग्रजीत ते क्वचितच दिसतं, पण बिलाच्या तळाशी टिकून आहे: 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. 'स्वीकारणं' या अर्थाच्या 'ॲक्सेप्ट'शी त्याची गल्लत करू नका. चुका स्वीकारल्या असं ते म्हणत नाही, चुका आणि राहून गेलेल्या नोंदी यांना हे बिल बांधील नाही असं म्हणतं. मराठी बिल छापून घेत असाल तर त्या जागी 'चू.भू.दे.घे.' लिहा.